वज्रलेप आणि काजळी



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपली शाळा हे व्याख्यान योजते, ते विज्ञान शिकवीत असत. माझे सारे आयुष्य मात्र मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविण्यात गेले. अशा माणसाने रसायनशास्त्रातील विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत सुरत शहरात एका जुन्या शब्दाचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत बदलतो आहे, आणि शब्दाचा अर्थ बदलू लागला की भाषेच्या अभ्यासकाला स्वस्थ बसवत नाही. तो शब्द म्हणजे ‘हिरा’. वराछा, कतारगाम, महिधरपुरा या भागांत हजारो घरांची चूल ज्यावर पेटते, तो हिरा आता खाणीबरोबरच कारखान्यातही निपजतो. तो कोळशापासून किंवा दगडापासून होत नाही, तर तापविलेल्या वायूपासून होतो. वायूतून घन पदार्थाचा थर कसा बसतो, तोच थर कधी काळा, कधी करडा आणि कधी पारदर्शक कसा होतो, आणि त्यातून आपल्यापुढे कोणते प्रश्न उभे राहतात, हे मला आज यथामती सांगावयाचे आहे.

१. काजळाची वाटी

विषयाची पहिली पायरी आपल्या घरातच आहे. आपल्या आया-आज्या काजळ कसे धरीत, ते आठवा. एरंडेलाचा दिवा लावावयाचा, त्याच्या ज्योतीवर तांब्याची वा चांदीची वाटी उपडी धरावयाची, आणि वाटीच्या पोटाला जमलेली काळी भुकटी तुपात खलावयाची. संस्कृतातील ‘कज्जल’ या शब्दापासून आपले ‘काजळ’ आले. त्याचाच अमंगल भाऊबंद म्हणजे कंदिलाच्या काचेवरची ‘काजळी’. पदार्थ एकच, डोळ्यांत घातला की शृंगार, काचेवर बसला की घाण. भाषेने केलेला हा भेद पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

ही काजळी येते कोठून? तेल म्हणजे कर्ब आणि हायड्रोजन ही मूलद्रव्ये ज्यात मुख्यत्वे आहेत असा पदार्थ. वात तेल वर खेचते, उष्णतेने त्याची वाफ होते, आणि ज्योतीच्या गाभ्यात, जेथे प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही, तेथे त्या वाफेचे रेणू उष्णतेने तुटतात. तुटलेले तुकडे एकमेकांस जोडले जाऊन मोठे होतात, हायड्रोजन गळत जातो, आणि अखेर कर्बाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे कण तापून उजळतात. दिव्याचा जो पिवळा प्रकाश आपल्याला प्रसन्न वाटतो, तो या कणांचाच. ज्योतीच्या कडेला पोहोचताच ते जळून जातात. मध्येच थंड वाटी आडवी आली, तर मात्र जळण्याऐवजी तिला चिकटतात. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्याने दिली, त्यांत हाच विषय त्यांनी उलगडून दाखविला होता. मोठ्या शास्त्रज्ञाला त्यासाठी मेणबत्तीहून मोठे साधन लागले नाही.

जुनी हस्तलिखिते हाताळताना मला या कर्बाचे फार कौतुक वाटत आले आहे. आपल्या पोथ्या ज्या शाईने लिहिल्या गेल्या, ती बहुधा काजळ आणि डिंक यांची असे. ‘मषी’ म्हणजे शाईही आणि काजळही. कागद पिवळा पडतो, कडा झिजतात, कसर लागते. परंतु अक्षर विटत नाही. याचे कारण असे की सामान्य तापमानाला कर्ब हवेशी, पाण्याशी वा उजेडाशी सहसा संयोग पावत नाही. पोथीतील अक्षर काळे राहण्याचे आणि हिरा हिरा राहण्याचे एक कारण समान आहे.

२. एक वायू, तीन थर

आता तेलाऐवजी साधा वायू घेऊ. सुरतेच्या असंख्य स्वयंपाकघरांत नळाने जो नैसर्गिक वायू येतो, त्यात मुख्य भाग मिथेनचा असतो. मिथेनचा रेणू सर्वांत साधा: मध्ये कर्बाचा एक अणू आणि त्याच्या चार हातांना धरलेले हायड्रोजनचे चार अणू. शेगडीला हवा नीट मिळाली की ज्योत निळी राहते. हवेची छिद्रे बुजली की ती पिवळी होते आणि पातेल्याचे बूड काळे पडते. म्हणजे काजळी येथेही आहेच.

हाच वायू प्राणवायू अजिबात न देता बंद पात्रात तापविला, तर काय होते? सुमारे हजार अंश सेल्सिअसच्या पुढे मिथेनच्या रेणूचे हात सुटू लागतात. एक हायड्रोजन गेला की उरलेला तुकडा अस्वस्थ होतो. तो दुसऱ्या तुकड्याला धरतो. दोन कर्बांचे, मग चार-सहा कर्बांचे रेणू होतात, त्यांची कडी बनतात, कड्यांना कडी जोडली जातात. पुढे तीन वाटा फुटतात.

पहिली वाट अशी की वायू दाट असेल आणि जवळ पृष्ठभाग नसेल, तर हे तुकडे अधांतरीच एकत्र येतात आणि काजळीचे कण होऊन उडत राहतात. टायरच्या रबरात मिसळला जाणारा काळा कर्ब अशाच रीतीने मोठ्या प्रमाणावर करतात.

दुसरी वाट अशी की वायू विरळ असेल आणि समोर तापलेला पृष्ठभाग असेल, तर ते तुकडे त्या पृष्ठभागावर उतरतात, तेथेच उरलेला हायड्रोजन सोडतात आणि थरावर थर चढवितात. यात कर्बाचा प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांना धरून सपाट जाळी विणतो. पेन्सिलीतील ग्रॅफाइटची जात हीच. या करड्या-काळ्या, घट्ट लेपाला पायरोलिटिक कार्बन म्हणतात. काजळी बोटाने पुसता येते. हा लेप पुसता येत नाही.

तिसरी वाट हिऱ्याची. तीत कर्बाचा अणू चार शेजाऱ्यांना धरतो आणि जाळी सपाट न राहता सर्व दिशांना घट्ट विणली जाते. परंतु ही वाट आपोआप सापडत नाही. नेहमीच्या दाबाखाली ग्रॅफाइट हे कर्बाचे किंचित अधिक स्थिर रूप आहे, त्यामुळे कर्बाला मोकळे सोडले तर तो काळाच होणार. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही बरीचशी खरी आहे. तो पांढरा करावयाचा तर युक्ती हवी.

३. हजिऱ्याची भट्टी आणि हृदयाची झडप

त्या युक्तीकडे वळण्यापूर्वी दुसऱ्या वाटेची दोन उदाहरणे सांगतो.

आपल्या शहरापासून थोड्या अंतरावर हजिरा आहे. तेथील पेट्रोरसायन कारखान्यात नाफ्त्यासारखे हायड्रोकार्बन वाफेबरोबर नळ्यांतून नेऊन आठशे अंशांच्या वर तापवितात. क्षणाच्या अंशात ते तुटतात आणि प्लास्टिकचा कच्चा माल असलेला इथिलीन मिळतो. परंतु त्याच वेळी नळ्यांच्या आतल्या बाजूस कर्बाचा थर बसत जातो. नळीच्या धातूतील लोह आणि निकेल त्या थराला आणखी उत्तेजन देतात. थर जाड झाला की उष्णता आत जाईना, म्हणून भट्टी अधिक तापवावी लागते, धातू शिणतो, अखेर भट्टी उत्पादनातून काढून वाफ आणि हवा सोडून तो थर जाळून टाकावा लागतो. येथे कर्बाचा लेप शत्रू आहे. तो टाळण्यासाठी अभियंते अहोरात्र जागतात.

आता दुसरे उदाहरण. अमेरिकेत जॅक बोक्रॉस हे संशोधक अणुभट्टीच्या इंधनकणांवर कर्बाचे लेप चढविण्याच्या कामात होते. व्हिन्सेंट गॉट हे शल्यविशारद रक्त ज्यावर गोठणार नाही असा पदार्थ शोधीत होते. दोघांची गाठ पडली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस पायरोलिटिक कार्बनची हृदयाची झडप अवतरली. प्रोपेनसारखा वायू तापलेल्या, तरंगत्या कणांच्या पात्रातून सोडावयाचा आणि झडपेच्या भागांवर कर्बाचा गुळगुळीत, चिवट लेप चढू द्यावयाचा, ही तिची रीत. वर्षानुवर्षे, दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडझाप करूनही तो लेप फारसा झिजत नाही. रोग्याला रक्त पातळ ठेवण्याचे औषध घ्यावे लागते हे खरे. तरीही या सभागृहात बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींपैकी कोणाच्या छातीत बारीक टिकटिक ऐकू येत असेल, तर तो बहुधा या कर्बाचाच आवाज.

भट्टीत नको असलेली काजळी हृदयात प्राणरक्षक ठरते. पदार्थ चांगला वा वाईट नसतो. तो कोठे आणि कसा बसला, याला महत्त्व.

४. हिरा कसा वाढतो

हिरा शुद्ध कर्बाचा आहे, ही गोष्ट इंग्लंडमधील स्मिथसन टेनंट यांनी १७९७ मध्ये हिरा जाळून सिद्ध केली. तेव्हापासून माणसाला हिरा घडविण्याचे वेध लागले. सर्वांना सुचणारा मार्ग होता तो निसर्गाच्या अनुकरणाचा: प्रचंड दाब आणि प्रचंड उष्णता. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये तो साधला आणि १९५५ मध्ये जाहीर झाला. परंतु त्याच सुमारास, १९५२ मध्ये, विल्यम एव्हरसोल यांनी युनियन कार्बाइड कंपनीत अगदी वेगळा प्रयत्न केला होता. कमी दाबाखाली, कर्बयुक्त वायूतून, आधीच्या हिऱ्यावर नवा हिरा चढविण्याचा. वाढ अत्यंत मंद होती, म्हणून फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे रशियात बोरिस देर्यागिन, अमेरिकेत जॉन अँगस यांनी हा धागा धरला, आणि १९८२-८३ मध्ये जपानमधील संशोधकांनी तापलेली तार व सूक्ष्मलहरी यांच्या साह्याने ती वाढ व्यवहारात आणण्याजोगी केली. हीच ती रीत, जिला सुरतेच्या बाजारात ‘सी.व्ही.डी.’ म्हणतात. मराठीत तिला ‘रासायनिक बाष्पनिक्षेपण’ म्हणता येईल.

तिचे यंत्र म्हणजे धातूचे एक बंद पात्र. तळाशी हिऱ्याच्या पातळ चकत्या मांडतात. त्यांना ‘सीड’ म्हणतात, आपण बीज म्हणू. पात्रातील हवा काढून त्यात मुख्यतः हायड्रोजन आणि शेकडा काही भागच अतिशुद्ध मिथेन सोडतात. दाब वातावरणाच्या साधारण एक-दशांश ते एक-चतुर्थांश. मग घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतात त्याच जातीच्या लहरी, पण कितीतरी अधिक शक्तीच्या, आत सोडल्या की वायूचा एक तेजस्वी गोळा बीजांवर तरंगू लागतो. गोळ्यातील उष्णता हजारो अंश; बीजांचा पृष्ठभाग मात्र सुमारे आठशे ते हजार अंशांच्या आसपास राखतात.

आता युक्ती पाहा. कर्ब हवा असताना हायड्रोजन इतका का? कारण त्या उष्णतेत हायड्रोजनचे रेणू फुटून एकटे अणू मोकळे होतात, आणि हे एकटे अणू दोन कामे करतात. पहिले काम निंदणीचे. आपल्यापैकी अनेकांची मुळे तापी रेल्वेमार्गाने जोडलेल्या धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शेतांत आहेत, त्यांना हे सहज पटेल. शेतात पीक आणि तण दोन्ही उगवतात. निंदणाऱ्या हातांनी तण पिकापेक्षा लवकर उपटले, तर पीक वाढते. हायड्रोजनचे अणू ग्रॅफाइटचे तण झपाट्याने खाऊन वायुरूपाने परत उडवितात. घट्ट विणीच्या हिऱ्याला त्यांचा दात सहसा लागत नाही. दुसरे काम जागा करण्याचे. वाढत्या हिऱ्याच्या पृष्ठभागावरील कर्बाचे मोकळे हात हायड्रोजनने धरलेले असतात. वरून आलेला दुसरा हायड्रोजन त्यांतला एखादा हायड्रोजन उचलून नेतो, कर्बाचा हात रिकामा होतो, आणि त्या रिकाम्या हातात मिथेनचा तुटका तुकडा येऊन बसतो. खालच्या बीजाची वीण जशी असेल, तशीच वीण नवा अणू पुढे चालवितो. म्हणूनच बीज हिऱ्याचेच असावे लागते.

वाढ किती? तासाला काही मायक्रोमीटरपासून काही दशक मायक्रोमीटरपर्यंत. हिशेबासाठी दहा धरा. माणसाच्या केसाइतकी जाडी यायला सात-आठ तास, एक मिलिमीटरला शंभर तास, पाच मिलिमीटरला पाचशे तास, म्हणजे सुमारे एकवीस दिवस. या काळात यंत्र अखंड चालावे लागते, वीज क्षणभरही डळमळून चालत नाही. मधून मधून ते थांबवून कडेला जमलेला काळा कर्ब लेसरने कापून टाकतात आणि पुन्हा वाढ सुरू करतात. पात्रातून निघालेला खडा पाहिला, तर त्याच्या कडेला काजळीचीच झालर असते. हिरा आणि काजळी शेवटपर्यंत एकमेकांना सोडीत नाहीत.

एका कॅरटचे वजन ०.२ ग्रॅम. तेवढ्या कर्बासाठी हिशेबाने सुमारे ०.४ लिटर मिथेन पुरे. प्रत्यक्षात बहुतेक वायू न बसताच निघून जातो, म्हणून कितीतरी अधिक लागतो. खरा खर्च वायूचा नसून विजेचा आहे. त्यामुळे हा हिरा ‘हिरवा’ आहे की नाही, हे ती वीज कोळशाची आहे की सूर्याची, यावर ठरते.

५. खरा, खोटा आणि प्रामाणिक

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे शब्दाकडे येतो. अशा हिऱ्याला काय म्हणावे?

‘नकली’ म्हणणे चूक आहे. नकली म्हणजे काच, किंवा झिर्कोनियाचा खडा: दिसायला हिरा, अंगाने दुसराच पदार्थ. वायूतून वाढलेला खडा अंगाने हिराच आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगानेही २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द वगळला. डोळ्याला आयग्लास लावूनही दोहोंतील फरक दिसत नाही. वाढीच्या खुणा ओळखणारी प्रकाशमापनाची यंत्रे लागतात. परंतु दोन्ही एकच आहेत असे म्हणणेही पुरते खरे नाही. एक पृथ्वीच्या पोटात दीडशे किलोमीटरहून खोल, अब्जावधी वर्षांपूर्वी घडला. दुसरा तीन आठवड्यांत. दोघांची किंमतही एक नाही. २०१८ मध्ये डी बिअर्स कंपनीने आपले वाढविलेले हिरे कॅरटला ८०० डॉलर या ठरीव भावाने आणले, तेव्हा तो भाव स्वस्त वाटला. पुढे बाजार त्याहूनही खाली घसरत गेला आणि २०२५ मध्ये त्या कंपनीने हा दागिन्यांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. म्हणून माझे मत असे की ‘वाढविलेला हिरा’ हे सरळ नाव वापरावे आणि ते विकताना न चुकता सांगावे. खोटेपणा पदार्थात नसतो. न सांगण्यात असतो.

संतवाङ्मयाने घणाखाली न फुटणारा तोच खरा हिरा, अशी परीक्षा सांगितली. दृष्टान्त म्हणून ती थोर आहे. पण घरी कोणी ती करू नये. हिरा कठीण आहे, तसाच ठिसूळही आहे. त्याच्यावर दुसऱ्या पदार्थाने ओरखडा उठत नाही, मात्र घण बसला तर तो फुटतो. कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन भिन्न गुण आहेत, एवढे त्यातून शिकावे.

एक शब्द मात्र आपल्या भाषेत या दिवसाची जणू वाटच पाहत होता. ‘वज्र’ म्हणजे हिरा. ‘वज्रलेप’ म्हणजे मूर्तीवर वा भिंतीवर चढवावयाचा, न निघणारा लेप. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्याच्या कृती दिल्या आहेत. त्या कृतींत हिरा नव्हता, दृढतेची उपमा तेवढी होती. आज कापण्याच्या हत्यारांवर आणि उष्णता वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांवर खऱ्याखुऱ्या हिऱ्याचा पातळ थर वायूतून चढवितात. दीड हजार वर्षांच्या उपमेला आता वाच्यार्थ लाभला आहे.

६. घंटीवरचा माणूस

परंतु शब्दांची चर्चा करून मला थांबता येत नाही. जगातील दहांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना भारतात पैलू पडतात आणि त्यांतील बहुतेक सुरतेत. घंटीवर बसणाऱ्या रत्नकलाकाराला मजुरी बहुधा नगावर मिळते. २०२३ मध्ये मागणी इतकी मंदावली की १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर कच्च्या हिऱ्यांची आयात व्यापाऱ्यांनी आपण होऊन थांबविली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो माल रोखण्याचा उपाय होता. नगावर मजुरी घेणाऱ्या घरात त्याचा अर्थ चुलीपर्यंत पोहोचतो. त्याच वर्षी जून महिन्यात पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला ७.५ कॅरटचा वाढविलेला हिरा भेट दिला, आणि केंद्रीय अर्थसंकल्पात बीजांवरील आयातशुल्क माफ झाले. आयआयटी मद्रासला या विद्येच्या संशोधनासाठी अनुदान मिळाले. एकाच वर्षात एका दाराने चिंता आली आणि दुसऱ्या दाराने आशा.

वाढविलेल्या हिऱ्यालाही पैलू पाडावेच लागतात. त्यासाठी तोच हात, तीच नजर लागते. काही घंट्यांना त्याने काम दिले. परंतु खडा स्वस्त झाला की पैलूची मजुरीही ओढली जाते, हे व्यवहाराचे दुसरे टोक आहे. ज्याला केवळ पैलू पाडता येतात, तो भावाच्या हेलकाव्यावर अवलंबून राहतो. ज्याला पात्रातील दाब, वायूचे प्रमाण, लेसर, प्रकाशमापन हेही कळते, त्याला चार दारे ठोठावता येतात. आपल्या शाळेतील कित्येक मुलांचे वडील यंत्रमागावर वा घंटीवर बसतात. त्या मुलांना रसायनशास्त्राचा हा एक धडा नीट समजणे हे परीक्षेच्या गुणांपेक्षा फार मोठे आहे.

म्हणून दोन विनंत्या करतो. शाळेने आठवीच्या वर्गात काजळ धरण्याचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली दरवर्षी करून घ्यावा: एकदा हवा मोकळी ठेवून, एकदा हवा कोंडून, आणि मुलांनी दोन्ही वाट्या शेजारी ठेवून फरक लिहून काढावा, तोही मराठीत, स्वतःच्या शब्दांत. आणि माजी विद्यार्थ्यांपैकी जे हिऱ्याच्या वाढीच्या कारखान्यांत, हजिऱ्याच्या भट्ट्यांवर किंवा तपासणीच्या यंत्रांवर काम करतात, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेला द्यावा व आपले काम मुलांना समजावून सांगावे. दिवंगत सरांच्या स्मृतीसाठी याहून योग्य काही मला सुचत नाही.